पोर्ट ऑफ स्पेनची रात्र, स्थानिकांच्या सोबतीने: एका खाद्यफेरीचे परीक्षण

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री कुठे जावे, असे हॉटेलात विचारले की बहुतेक वेळा आरियापिटा अव्हेन्यूकडे बोट दाखवले जाते. वुडब्रुक भागातला हा रस्ता बार, उपाहारगृहे आणि क्लबांनी भरलेला असून शुक्रवारी-शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि तो पाहूच नये असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र त्रिनिदादच्या या राजधानीची खरी चव पदपथांवरच्या गाड्यांपाशी आणि पॅनयार्डांच्या, म्हणजे पोलादी वाद्यांचे संघ जिथे तालीम करतात त्या, मोकळ्या आवारांत मिळते, आणि तिथे योग्य वेळी, योग्य रांगेत नेऊन उभे करणारे माणूस सोबत असेल तर रात्रीचा रंगच पालटतो. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती अशीच एक खाद्यफेरी आहे. शहरातच वाढलेल्या एक बाई स्वतःच्या मोटारीतून मोजक्या पाहुण्यांना संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत फिरवतात. त्यांचे कार्यालय नाही, छापील पत्रक नाही, आणि कार्यक्रमाचा क्रम त्या दिवशी कुठे काय चांगले शिजले आहे यावर ठरतो.

फेरीची सुरुवात क्वीन्स पार्क सव्हानाच्या कडेने होते. सुमारे २६० एकरांच्या या मैदानाभोवती साडेतीन किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता फिरतो आणि संध्याकाळी त्यावर चालणारे, पळणारे आणि नुसतेच बसून गप्पा मारणारे लोक दिसतात. शहाळीवाले, मक्याच्या सूपाची पातेली आणि भाजलेल्या कणसांच्या शेगड्या इथेच लागतात. मक्याचे सूप म्हणजे चण्याच्या डाळीसारख्या वाटाण्याच्या डाळीत शिजवलेले कणसाचे चकत्यांसारखे कापलेले तुकडे, पिठाचे लहान गोळे आणि शॅडो बेनी नावाच्या लांबट पानांचा उग्र, कोथिंबिरीच्या जातीचा वास. शाकाहारी वाचकांनी इथे अवश्य चौकशी करावी, कारण काही पातेल्यांत खारवलेली डुकराची शेपटी घातलेली असते आणि वरून ते अजिबात कळत नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी न विचारताच आम्हाला मांसाविना शिजवणाऱ्या गाडीकडे वळवले, आणि ही काळजी मला साऱ्या संध्याकाळभर जाणवत राहिली.

यानंतर सेंट जेम्स. वेस्टर्न मेन रोडवरचा हा भाग रात्रभर जागा असतो, आणि त्याच्या गल्ल्यांची नावे वाचताना मराठी माणूस थबकल्याशिवाय राहत नाही: बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादला पोहोचली आणि १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक भारतीय उसाच्या मळ्यांवर आणले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागांतले होते. मोहरमच्या दिवसांत याच रस्त्यावरून होसेची, म्हणजे इमाम हुसेन यांच्या स्मरणाची, मिरवणूक निघते आणि तिच्यात ताशे आणि झांजा वाजतात. मुसलमान, हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे शेजारी तिथे एकत्र येतात, असे बाई सांगत होत्या.

सेंट जेम्सला आम्ही डबल्सच्या गाडीसमोर उभे राहिलो, आणि ही फेरी कशासाठी घ्यावी याचे उत्तर मला तिथे मिळाले. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या मैद्याचे, खमिराने फुगवलेले आणि तळलेले दोन मऊ ‘बारा’ आणि त्यांवर जिऱ्याच्या वासाचे काबुली चणे. प्रिन्सेस टाउन इथल्या दीन कुटुंबाने १९३६ साली हा पदार्थ विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. गाडीवरचा माणूस टोपलीतून उबदार बारे काढून कागदावर एकावर एक सरकवून ठेवतो, पळीने चणे ओततो आणि त्यावर काकडी, चिंचेची चटणी, कैरीचा मसालेदार कुचेला आणि मिरचीची पूड नव्हे तर वाटलेली ओली मिरची झपाट्याने टाकतो. तिखट किती, हे विचारले जाते तेव्हा ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडे, असे उत्तर द्यावे. इथली स्कॉर्पियन मिरची जगातल्या सर्वाधिक तिखट मिरच्यांत गणली जाते, त्यामुळे धीटपणाला इथे फारसा अर्थ नाही. मग वरच्या बाऱ्याचा एक तुकडा तोडून त्यानेच चणे उचलायचे, कागद हातात धरूनच. आमच्या शेजारी कामावरून परतणारा एक तरुण पोलीस, लाल झगमगीत पोशाखातल्या दोन मैत्रिणी आणि एक आजोबा उभे होते. सगळे तितक्याच शांतपणे खात होते आणि पुढच्याला वाट करून देत होते. शाकाहारी असो वा मांसाहारी, श्रीमंत असो वा नसो, सर्वांना एका पदार्थापाशी एकाच उंचीवर उभे करणारी अशी दुसरी जागा या शहरात मला दिसली नाही.

जवळच्या गाडीवर फुलौरी (डाळीच्या पिठाची गोल भजी), आलू पाय (बटाटा भरून तळलेला पदार्थ) आणि सहीना मिळतात. सहीना दाशीनच्या, म्हणजे अळूच्या, पानांना डाळीचे पीठ लावून तळलेला पदार्थ आहे आणि पहिल्या घासालाच अळूवडीची आठवण होते, फक्त गूळ-चिंचेच्या आंबटगोडाची जागा इथे बाहेरून घातलेली चिंचेची चटणी घेते. रोटीच्या दुकानांत डाळ भरलेली धालपुरी आणि फाडून सैल केलेली ‘बस्स अप शट’ रसभाजीबरोबर मिळते. आम्ही तिथे थोडेच खाल्ले, कारण बाईंनी पोटात जागा ठेवायला बजावले होते आणि त्यांचे ऐकणे शहाणपणाचे ठरले.

फेरीचा दुसरा भाग संगीताचा होता. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत, ही फेरी घ्यावी, कारण तेव्हा पॅनोरमा स्पर्धेसाठी पॅनयार्डांत रोज रात्री तालीम चालते. पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून घडवलेले पोलादी वाद्य, विसाव्या शतकात याच देशात जन्मले, आणि १९६३ पासून पॅनोरमा भरते. मोठ्या संघात शंभराहून अधिक वादक असतात. बहुतेक जण कागदावरची स्वरलिपी न पाहता कानाने शिकतात. रचनाकार एका विभागाला एक ओळ वाजवून दाखवतो, ती संथ लयीत पुन्हा पुन्हा घोटून घेतो, आणि मग अचानक साऱ्या विभागांना एकत्र सोडतो. टेनर पॅनपाशी उभे राहून ऐकताना स्वर कानांत जातो, तर सहा-सहा पिंपांच्या बास पॅनपाशी तो छातीत. आम्ही आवाराच्या कडेला, बाकांवर बसलेल्या वस्तीतल्या कुटुंबांच्या शेजारी उभे राहिलो. बारवर कॅरिब बिअर मिळत होती, पण कोणी तिच्यासाठी आलेले नव्हते.

इन्व्हेडर्स या जुन्या संघाचे आवार क्वीन्स पार्क ओव्हलच्या समोर आहे. ६ मार्च १९७१ रोजी सुनील गावसकरांनी याच मैदानावर कसोटी पदार्पण केले, ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. एका वयस्कर गृहस्थांना आम्ही भारतातून आल्याचे कळले तेव्हा त्यांनी त्याच मालिकेतल्या शेवटच्या सामन्यातली १२४ आणि २२० ही आकडेवारी आम्हाला म्हणून दाखवली, आणि त्या आपुलकीने मी भारावून गेलो.

अव्हेन्यूवरचा शेवटचा तास मात्र मला फेरीचा कमकुवत भाग वाटला. ध्वनिक्षेपकांचा आवाज इतका मोठा होता की बोलणे अशक्य झाले, आणि ज्यांच्याशी संध्याकाळभर गप्पा झाल्या त्या बाईंचे ज्ञान तिथे वाया गेले. एका शांत बारमध्ये मिळालेले क्वीन्स पार्क स्विझल तेवढे उत्तम होते: रम, लिंबू, पुदिना, चुरा केलेला बर्फ आणि वरून अँगोस्टुरा बिटर्स या कडवट अर्काचा लालसर थर. सीगर्ट कुटुंबाने हे बिटर्स १८७५ साली व्हेनेझुएलातून इथे आणले आणि ते आजही त्रिनिदादमध्येच बनते. पुढच्या वेळी हा तास मी सव्हानावर किंवा दुसऱ्या पॅनयार्डात घालवण्याची विनंती आधीच करीन, आणि बाई ती मान्य करतील याची मला खात्री आहे.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. शहरातली गुन्हेगारी हा गंभीर प्रश्न आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. त्यामुळे जाण्यापूर्वीची ताजी परिस्थिती पाहावी, रात्री अनोळखी रस्त्यांवर पायी भटकू नये, आणि मोटारीतून दारापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेलाच प्राधान्य द्यावे. आमच्या बाई प्रत्येक पाहुणा आत गेल्यावरच पुढे निघत होत्या. गाड्यांवर कार्ड चालत नाही, म्हणून त्रिनिदाद-टोबॅगो डॉलरच्या लहान नोटा जवळ असाव्यात, आणि पोटाला तिखटाची सवय नसल्यास पहिल्या दिवशीच ही फेरी ठरवू नये.