मारुती ८०० चं हाफ इंजिन: आठ महिने आणि ६,२०० किलोमीटरनंतर

आमची ८०० म्हणजे १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. आंबा घाट चढताना मागे निळा धूर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल फस्त. एक मिस्त्री म्हणाला, नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू, आठ हजारांत काम. दुसऱ्याने फुल इंजिनचे, म्हणजे क्रँकसकट सगळ्या कामाचे, चाळीस हजार सांगितले. गाडी विकून तेवढे येणार नाहीत, पण पासिंग २०२८पर्यंत आहे आणि गाडी बाबांची. विकायचा विषयच नव्हता. शेवटी मधला मार्ग धरला, हाफ इंजिन: बोअर, पिस्टन-रिंगा आणि हेडचं काम, क्रँक न घासता.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितला तर दोन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास, तिसरा १०५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडल्यावर तोच १४०वर चढला. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजते; म्हणजे दम व्हॉल्व्हमधून नाही, रिंगांतून जात होता.

हेड उतरवल्यावर उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्याने आत डायल गेज फिरवला. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, वरच्या अंगाला जवळजवळ ०.१ मिलिमीटर जास्त झिजलेला. "यात नवी रिंग वर सैल बसणार, खाली घट्ट. सहा महिन्यांनी परत याल." पटलं. तिन्ही बोअर ०.५० मिलिमीटरने वाढवले, पिस्टन-रिंगा नव्या. ६८.५चा बोअर ६९ झाला, म्हणजे हिशोबाने ७९६ सीसीची गाडी आता ८०८ची. (आरटीओत बोलू नका.)

क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, मात्र मी अडून बसलो. "खोललंच आहे तर ग्राइंड करून टाकू," हा मिस्त्रीचा आग्रह. मायक्रोमीटर लावला तर जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा भाग) गोल आणि स्टँडर्ड मापात. नख फिरवलं तर कुठे अडकतही नव्हतं. मग घासायचं कशाला? स्टँडर्डचीच नवी बेअरिंगं टाकली. हेडला व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह जागेवर घासून घट्ट बसवणं), नवे सील, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं). सगळं मिळून २९ हजार.

माती खाल्ली ती क्लचपाशी. प्लेट "अजून वर्षभर ओढेल" म्हणून तीच ठेवली आणि क्रँकचं मागचं, क्लचच्या अंगाचं ऑइल सीलही तसंच राहिलं. पाचव्या महिन्यात ते गळायला लागलं, प्लेट तेलकट, चढाला गाडी नुसती रेस होते, पळत नाही. दोन-अडीचशेच्या सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली आणि मजुरी दुसऱ्यांदा. मिस्त्रीला काय बोलणार, नको म्हणणारा मीच.

पहिले हजार किलोमीटर साठच्या आत चालवली, ऑइल पाचशेलाच बदललं. आता दोन हजार किलोमीटरनंतरही डिपस्टिकवरची रेघ बोटभरही उतरत नाही. गेल्या रविवारी चौघांना घेऊन साखरप्याहून घाट चढलो. मुलगा अख्खा घाट मागच्या काचेतून धूर शोधत बसला होता.