टेन्शन, घोर की नैराश्य: विचारपूस करताना कोणता शब्द निवडावा?

घरातले किंवा भावकीतले कोणी गप्प-गप्प राहू लागले आणि त्यांच्याशी बोलायचे ठरले, की पहिला प्रश्न कोणत्या शब्दाने विचारावा हे आधी ठरवावे लागते. मराठवाड्यात त्यासाठी तीन शब्द हाताशी आहेत.

‘टेन्शन’ सर्वांत सोपा. सोयाबीनचा पडलेला भाव, बँकेची थकबाकी, मुलीचे लग्न, मुलाची पोलीस भरती या सगळ्यांना तो चालतो आणि पुरुषही तो न संकोचता उच्चारतात, म्हणून बोलण्याची सुरुवात करायला त्याच्याइतका उपयोगी शब्द नाही. मात्र ‘लई टेन्शन हाय’ म्हणणाऱ्याला ‘टेन्शन नका घेऊ’ असे सांगण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे, की बोलणे तिथेच खुंटते आणि चार दिवसांची चिंता व महिनोन्‌महिने अंगावर काढलेला आजार एकाच शब्दाखाली झाकले जातात.

‘जिवाला घोर लागला’ यातली काळजी बहुधा कोणाची तरी किंवा कशाची तरी असते. वडीलधाऱ्या बायकांशी बोलताना हाच शब्द जवळचा वाटतो.

‘नैराश्य’ हे निदान आहे. उदासी किंवा आवडत्या गोष्टींतला रस जाणे, किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधीपणा अशी लक्षणे असतील, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. बोलीत मात्र निराश होणे म्हणजे धीर सोडणे, त्यामुळे आजारी माणसाला त्यात ठपका ऐकू येतो. हा शब्द नातेवाइकांनी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून सुरुवात ‘टेन्शन’ने करावी, पण तिथे थांबू नये. “दादा, झोप लागती का? जेवण जातं का? कशात मन लागतं का? कवापासून असं होतंय?” असे एकेक विचारावे, आणि ‘करमंना’, ‘कशातच मन लागंना’ ही मिळालेली उत्तरे जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना जशीच्या तशी सांगावीत, तिथे शुद्ध शब्द शोधण्याची गरज नाही.

‘आता जगून काय करू’ असे वाक्य आले, तर शब्दांची निवड बाजूला ठेवून जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक हलवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर त्याच्याजवळ बसूनच फोन लावावा. तिथे मराठीत बोलता येते.