जुन्या साडीचा ट्रे आणि फेव्हिकॉल एमआर: कुठे चालतो, कुठे नाही

आईच्या उशाशी चष्मा, औषधांची पाकिटं, रिमोट आणि मोबाइल एका जागी राहतील असा खणांचा ट्रे घरच्या सामानातून करायचा, तर विकत आणावी लागते ती फक्त चिकटवायची वस्तू. पुठ्ठा कुरिअरच्या खोक्याचा, कापड तिच्याच विरलेल्या सुती साडीचं. या कामासाठी फेव्हिकॉल एमआर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र तो नळीतून निघतो तसाच सगळीकडे लावला तर काम बिघडतं.

मापं अशी: तळ ३० × २० सेंमी, भिंती ७ सेंमी उंच. तीन मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या दोन लांब भिंती ३० सेंमीच्या, आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या दोन आखूड भिंती १९.४ सेंमीच्या. भिंती कापताना आतल्या पन्हळी उभ्या येतील असं बघा. आडव्या आल्या तर वरून दाब पडताच कडा चेपते. सांध्यांना फेव्हिकॉल पाणी न घालता लावा, कागदी चिकटपट्टीने धरून ठेवा आणि तासभर हात लावू नका. खणांच्या पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या तर प्रत्येकीला उंचीच्या निम्मी, म्हणजे ३.५ सेंमी खाच पाडा. चष्म्याचा खण १७ × ७ सेंमीचा ठेवा, जाड काड्यांचा चष्माही सहज बसतो.

कापड लावणं हा खरा कसोटीचा भाग. तीन भाग फेव्हिकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळा आणि ते मिश्रण पुठ्ठ्यावर ब्रशने पातळ पसरा. कापडावर कधीही लावू नका: विरलेल्या सुतातून ते पलीकडे झिरपतं आणि वाळल्यावर कडक, काळपट डाग राहतात, ते धुऊनही नीट जात नाहीत. साडीचा तुकडा ६२ × ५२ सेंमीचा पुरतो. तो तळाखालून वर घेऊन काठावरून आत वळवायचा. आधी स्टार्च घालून इस्त्री केली तर झिरपणं बरंच कमी होतं. जरीचा काठ वळवला की उसळी मारतो, तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे वीस मिनिटं लावून ठेवा. पॉलिस्टरच्या साडीच्या वाटेला जाऊ नका, धागा फेव्हिकॉल शोषत नाही आणि कडा सुटत राहतात.

दुसऱ्या दिवशी तळ होडीसारखा वाकलेला दिसला, तर दोष चिकटपणाचा नाही. ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. म्हणून तळाला बाहेरून कापड लावलं त्याच दिवशी आतून वर्तमानपत्राचा कागद चिकटवा, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा येतो. मग चार-पाच जाड पुस्तकांचं वजन चोवीस तास. पावसाळ्यात दोन दिवस धरा. शेवटी आत लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाला कापड गुंडाळून नुसतं ठेवायचं. गोळ्यांचा चुरा झटकायला ते उचलता येतं.

अशा एका ट्रेला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतो, १०० ग्रॅमची बाटली पुरून उरते. मैद्याची खळ स्वस्त पडते आणि कापड सरकवायला वेळही जास्त देते, हे खरं. पण तिला झुरळं लागतात, दमट हवेत बुरशी येते. बाइंडिंगवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे. औषधं ठेवायच्या वस्तूत ते नकोच.

फेव्हिकॉल एमआर हरतो तो पत्र्याच्या डब्यावर आणि प्लॅस्टिकच्या बाटलीवर. तिथे तो सालीसारखा अख्खा निघून येतो, कारण वाळायला त्यातलं पाणी कुठेतरी मुरावं लागतं. डब्याला कापड लावायचं तर रबरी चिकटद्रव्य घ्या, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. शिवाय पाण्याने हा पुन्हा मऊ होतो, तेव्हा पाण्याचा तांब्या किंवा ओला पेला ट्रेमध्ये ठेवायचा नाही, हे देतानाच सांगा.

काठाची पट्टी चष्म्याच्या खणाच्या बाहेरच्या भिंतीवरच आणा. रात्री दिवा न लावता तिचा हात जरीवर पडला की चष्मा कुठे आहे ते कळतं.