छोटा हॉट एअर बलून घ्यायचा का? सातारा-सांगलीच्या हिशोबानं माणसं, माल आणि बाकीचे पर्याय

आधी एकच ठरवून टाका, तुम्हाला वर जायचंय का पलीकडे जायचंय. बलूनबद्दल विचारणारे जे भेटतात, म्हणजे वाई-पाचगणी पट्ट्यातले कृषी पर्यटनवाले, गडावर डागडुजीचं काम करणारे ग्रुप, एखादा कॉलेजचा प्रोजेक्टवाला, ते सगळे दोन्ही एकदम मागतात, की पाहुण्यांना राईड पण देऊ आणि रिकाम्या वेळेत खालच्या वाडीवरनं स्ट्रॉबेरीचे क्रेट पण वर आणू. असं होत नाही राव. वर न्यायचं काम बलून झकास करतो. पलीकडे पण नेतो, पण कुठल्या पलीकडे ते वारं ठरवतं.

मालाचं आधी बघू, ते लवकर संपतं. १८७०-७१ ला पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा शहरातनं टपाल आणि माणसं बाहेर काढायला साठच्या वर बलून सोडले होते, गॅसचे होते ते, गरम हवेचे नव्हेत, पण वाऱ्यापुढं दोघांची गत एकच. त्यातला एक तर थेट नॉर्वेत जाऊन उतरला. टपाल बाहेर गेलं, पण बाहेरचं आत यायचं ते कबुतरांनी आणलं, आणि ती कबुतरं बाहेर नेली होती बलूननंच. बाहेर जाताना कुठंही उतरलं तरी चालत होतं, आत यायला मात्र एकच जागा होती. आपला माल नेमका या दुसऱ्या प्रकारातला, क्रेट पॅकहाऊसलाच पोचले पाहिजेत, तीन डोंगर सोडून कुणाच्या तरी रानात पोचून काय करायचं. पायलट उंची बदलून वेगवेगळ्या थरातलं वारं पकडतो आणि थोडीफार दिशा बदलतो हे खरंय, अमेरिकेत अल्बुकर्कीला तर खालचं वारं एकीकडं आणि वरचं उलट असं पुष्कळ सकाळी जुळतं म्हणून तिथं बलून उडाल्या जागेच्या जवळ परत आणता येतो, पण ते त्या दरीचं देणं आहे, सह्याद्रीच्या भरवशावर रोजच्या मालाचा धंदा लावता येत नाही.

अजून एक गोष्ट जी सहसा लक्षात येत नाही. समजा पोचलात बरोबर जागेवर, तर माल उतरवला की तेवढं वजन एकदम कमी होतं आणि बलून वर उसळतो, म्हणून वरची हवा सोडा, नाहीतर उतरलेल्या वजनाएवढी माणसं लगेच बास्केटमधे चढवा. राईडमधे पण एक उतरला की दुसरा चढला असंच करतात, सगळे एकदम उतरायचं नाही.

मग मालाला काय? ड्रोन, तार आणि पाणी असेल तर लाँच. फवारणीचा १० लिटर टाकीचा ड्रोन साधारण तेवढ्याच किलोचं वजन उचलतो, पण भरलेला असताना हवेत राहतो जेमतेम १०-१५ मिनिटं. २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरीच मोकळीक दिलीय, ग्रीन झोनमधे, म्हणजे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, नोंदणी आणि पायलटचं सर्टिफिकेट मात्र लागतं. औषधं, लस, सॅम्पल यासाठी ड्रोन चांगला, त्याच वर्षी तेलंगणात विकाराबादला औषधं पोचवायची ट्रायल झालीच होती. क्रेटवर क्रेट न्यायला मात्र बॅटऱ्या बदलता बदलता दिवस जाईल. रोज त्याच दोन ठिकाणांमधे पन्नास-शंभर किलो न्यायचं असेल तर सरळ मटेरियल रोपवे बघा, म्हणजे जाड तार, ट्रॉली आणि खाली-वर विंच. हिमाचल आणि उत्तराखंडात सफरचंद अशाच तारेवरनं खाली येतं, आणि उतार असेल तर भरलेली ट्रॉली खाली येताना रिकामी आपोआप वर ओढते, इंजिन पण नको. जागा वन खात्याची किंवा पुरातत्त्वची असेल तर परवानग्यांना वेळ जाणार, पण बलूनच्या परवानग्या काय कमी आहेत का. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांचं म्हणाल तर बामणोली-तापोळ्याची लाँच आणि बार्ज आहेच, तिथं हवेतनं जायचं कारण नाही, आणि तो पट्टा वाघांच्या राखीव क्षेत्राला लागून आहे.

सांगलीकर महापुराचं विचारतात. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर होतं आणि अशा वेळी बलून हाताशी असता तर, असं वाटणं साहजिक आहे. पण पावसात बलून उडवतच नाहीत, कापड भिजून जड होतं, दिसत नाही, वारं असतंच. पुरात बोट. विषय संपला.

आता माणसांचं, इथं तुलना खरी रंगते. तीन पर्याय धरा. एक, हॉपर, म्हणजे एका माणसाचा, ६०० ते १००० घनमीटरचा, बास्केट नाही, खुर्चीसारखी सीट आणि पाठीला सिलेंडर. दोन, २२०० घनमीटरच्या आसपासचा नेहमीचा लहान बलून. तीन, स्वतःचा घ्यायचाच नाही, सीझनपुरता पायलट-क्रूसकट भाड्यानं आणायचा.

हॉपर स्वस्त पडतो, जीपच्या मागं बसतो, पण तो फक्त पायलटला उचलतो, पाहुणे नाहीत आणि माल तर नाहीच. शौकिनानं घ्यावा. धंद्याला बाद.

२२०० वाल्याचं गणित जरा नीट बघा, कारण विकणारा जो चार माणसांचा आकडा सांगतो तो थंड हवेतला आणि समुद्रसपाटीच्या जवळचा असतो. बलून उचलतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकावर. आतली हवा साधारण १०० डिग्रीला ठेवतात, नायलॉनच्या कापडाला १२० च्या वर न्यायचंच नाही, म्हणजे आत वाढवायला जागा नाही, सगळा खेळ बाहेरच्या थंडीवर. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर. थंडीत पहाटे १५ डिग्री असेल तर तिथं एक घनमीटर गरम हवा साधारण २६० ग्रॅम उचलते, २२०० ला झाले पावणेसहाशे किलो. त्यातनं कापड, बास्केट, बर्नर आणि भरलेले सिलेंडर मिळून ३०० च्या आसपास वजा करा, राहिले पावणेतीनशे, म्हणजे पायलट धरून तिघं. आता तोच बलून ३० डिग्रीला उडवा, एकूण उचल साडेचारशेवर येते आणि हातात राहतात दीडशे, पायलट आणि एक जण. आणि हेच ३० डिग्रीला कासच्या उंचीवर, म्हणजे १२०० मीटरच्या आसपास केलं तर राहतात जेमतेम ११५-१२०, पायलट आणि एखादं शाळेतलं पोरगं. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्यक्षात कंपनीचा लोड चार्ट जे सांगेल तेच, पण दिशा हीच. फुलांच्या सीझनला कासवर बलून ही कल्पना कितीही गोड वाटली तरी पठार राखीव वनातलं आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, वर पाऊस-धुकं-वारं, तिकडं बघूच नका.

गॅसचं पण ऐकून घ्या. या साईजचा बलून तासाला साधारण ३० किलो गॅस पितो, घरातल्या १४.२ किलोच्या दोन टाक्या समजा. पण घरची टाकी लावायची नाही, ती धंद्याला वापरणं बेकायदा आहे ते एक, आणि दुसरं म्हणजे शेगडीला टाकीतनं वायू येतो, बलूनच्या बर्नरला पातळ गॅस लागतो, त्यासाठी सिलेंडरच वेगळे असतात. शिवाय आपल्या घरगुती गॅसमधे ब्युटेन मिसळलेला असतो आणि ब्युटेन शून्य डिग्रीच्या आसपासच उकळतो, म्हणून पहाटेच्या थंडीत प्रेशर बसतं. बलूनला प्रोपेन लागतो. म्हणजे थंडीत उचल चांगली आणि गॅस आळशी, असा पेच आहे. प्रोपेन कुठनं आणि केवढ्याला मिळणार हे बलूनच्या किमतीच्या आधी विचारा.

दोर बांधून का मोकळा? दोर बांधलेला म्हणजे तीन दिशांना तीन दोर, दुसऱ्या टोकाला जड गाड्या किंवा ट्रॅक्टर, वीस-तीस मीटर वर जायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, खाली. कृषी पर्यटनाला माझ्या मते हेच. उतरायची जागा शोधावी लागत नाही, मागं गाडी पळवावी लागत नाही आणि सकाळच्या दीड-दोन तासात बरेच पाहुणे होतात. गॅस जास्त जातो कारण बर्नर सारखा चालू-बंद. लोकांना वाटतं दोर बांधला म्हणजे वाऱ्याची भीती गेली, पण होतं उलट. मोकळा बलून वाऱ्याबरोबरच चालतो म्हणून आतल्याला वारं लागतच नाही, बांधलेल्याला तेच वारं एका बाजूनं दाबतं, कापड चेपतं, बास्केट तिरकी ओढली जाते. म्हणून मोकळ्याला जमिनीवर ताशी पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंतचं वारं चालतं, बांधलेल्याला त्याच्याही बरंच खाली थांबावं लागतं.

मोकळ्या उड्डाणात मजा दसपट, यात वाद नाही. पण उतरायचं कुठं ते आपल्या भागात बघा. कृष्णाकाठचा वाळवा-मिरज पट्टा म्हणजे ऊस, डोक्याच्या दुप्पट उंच, आत उतरलात तर बलून बाहेर काढायला तोडणीची टोळी लागेल. तासगावकडं द्राक्षबागा, म्हणजे लोखंडी अँगल आणि तारा, कापडाची चाळण. आणि सगळीकडं शेतातनं गेलेल्या विजेच्या तारा, ज्या वरनं शेवटपर्यंत दिसत नाहीत. बलूनच्या मोठ्या अपघातांत ह्या तारा परत परत येतात, २०१२ ला न्यूझीलंडमधे ११ आणि २०१६ ला टेक्सासमधे १६ जण गेले, दोन्हीकडं विजेच्या तारा. त्यात आपली बलूनची थंडी आणि पाचट पेटवायचे दिवस एकच, धुराच्या वर गॅसचे सिलेंडर घेऊन तरंगायचं हे कुणाला सुचू नये. जत, माण, खटावचा माळ त्या मानानं मोकळा आणि ऊस कमी, मोकळंच उडायचं असेल तर तिकडं. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव ही नावं मात्र यादीतनं खोडा, जिथं पवनचक्क्या उभ्या आहेत तिथलं वारं आधीच कुणीतरी मोजून ठेवलंय की!

पाचगणीला टँडम पॅराग्लायडिंग आहेच, मग बलून कशाला, असंही विचारतात. दोघांची वेळ वेगळी आहे. पॅराग्लायडरला दिवस तापून उठणारी हवा हवी असते, बलूनला तीच नको असते, म्हणून बलून उजाडल्यावर पहिले दोन तास आणि फार तर मावळायच्या आधीचे. गिऱ्हाईक पण वेगळं. आजीला पॅराग्लायडरला बांधता येत नाही, बांधलेल्या बलूनमधे ती उभी राहते, बास्केटच्या भिंतीवरनं चढायला मात्र दोघांनी हात द्यायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. बलून हे कायद्यानं विमानच, डीजीसीएकडं, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याकडं, नोंदणी, उडायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, पायलटला बलूनचं लायसन्स. कऱ्हाडला धावपट्टी, कोल्हापूरला विमानतळ, म्हणजे हवाई हद्दीचं पण विचारावं लागणार. शिवून घेऊ घरी, बर्नर वेल्डिंगवाल्याकडनं करू, असं म्हणणारा एक तरी असतोच. त्याला प्रोजेक्ट माणसाशिवायचा करायला सांगा.

म्हणून माझा क्रम असा राहील की पहिला सीझन भाड्याचा, दोर बांधून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातच स्वतःचं टेस्टिंग करून घ्यायचं. पायलट आत, पाहुण्यांच्या जागी मोजलेली वाळूची पोती, सहाला, सातला, आठला असं तेच वजन उचलून बघायचं, दर वेळी बाहेरचं तापमान, वरच्या टोकाचं तापमान आणि किती गॅस गेला ते लिहायचं. आठ वाजता दोन पोती काढावी लागली तर आठनंतर तुमची दोन तिकिटं कमी, एवढा सरळ हिशोब. १७८३ ला फ्रान्समधे पहिले बलून उडाले तेव्हा पण क्रम हाच होता, सप्टेंबरात मेंढी-बदक-कोंबडा, ऑक्टोबरात दोर बांधून माणूस, आणि मोकळा माणूस गेला २१ नोव्हेंबरला. घाई त्यांनाही होतीच की.

सीझन चालला आणि जुना २२०० घ्यायचं ठरलंच, तर कापडाचे उडालेले तास लॉगबुकात बघा, साधारण ३०० ते ५०० तासात कापड दमतं आणि आपल्या उन्हात लवकर. सगळ्यात आधी दमतो वरचा भाग, तिथलंच कापड ओढून टेस्ट करायला लावा, खालचं चकचकीत दाखवतील. वरची व्हेंट, म्हणजे गरम हवा सोडायची झडप, तुमच्यासमोर गरम हवेत उघडून बंद करायला लावा. होज, म्हणजे गॅसच्या नळ्या, आणि सिलेंडर यांच्या टेस्टच्या तारखा बघा, २०१३ ला इजिप्तमधे लक्सरला १९ जण गेले ती आग गॅसच्या होजपासनंच लागली होती. आणि बास्केट, बर्नर, कापड तिन्हीवरचे नंबर कागदाशी जुळत नसतील तर टोकन देऊ नका, गाडी वळवा.