मक्स स्विच: गेमच्या वेगापेक्षा क्रॅशचं मूळ शोधायला जास्त कामाचा

काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड आणि वेगळं डेडिकेटेड कार्ड. स्क्रीन यांपैकी कोणाला जोडायची हे ठरवणाऱ्या मक्स स्विचचं कौतुक बहुतेकदा फ्रेमरेटसाठी (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येसाठी) होतं. ते खोटं नाही. पण लॅपटॉप सारखा बंद पडत असेल, तर दोष नेमका कुठे आहे हे हुडकायला याच्याइतकं सोयीचं साधन त्या मशीनमध्ये दुसरं नाही. हे परीक्षण त्याच कामापुरतं आहे.

२०१० मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑप्टिमस हे दोन्ही ग्राफिक्स गरजेनुसार वापरणारं तंत्र आणलं. त्या रचनेत स्क्रीन प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला जोडलेली असते. डेडिकेटेड कार्ड चित्र तयार करतं, ते पीसीआय एक्स्प्रेस या आतल्या जोडणीवरून इंटिग्रेटेडच्या मेमरीत उतरतं आणि तिथून स्क्रीनवर जातं. म्हणजे गेम चालू असताना दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर (त्यांना चालवणारी सॉफ्टवेअर) कामाला लागलेले असतात, आणि गेम बंद झाला की कार्ड झोपी जातं. मक्स स्विच स्क्रीनची ही जोडणीच थेट कार्डाकडे वळवतो.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या पानावर प्रत्येक प्रोग्रामसाठी ‘पॉवर सेव्हिंग’ (इंटिग्रेटेड) किंवा ‘हाय परफॉर्मन्स’ (कार्ड) निवडता येतं. त्यानं फक्त चित्र कोण तयार करणार एवढंच ठरतं, स्क्रीनकडे जाणारी वाट बदलत नाही. हे लक्षात न घेता ‘दोन्ही ग्राफिक्सवर चालवून पाहिलं, तरी क्रॅश होतोच’ असा निष्कर्ष काढला, की पुढचा सगळा तपास भरकटतो.

मक्स असेल तर तपास असा करावा. आधी हायब्रिड मोडमध्येच, म्हणजे वर सांगितलेल्या ऑप्टिमसच्या रचनेत, त्रास देणारा प्रोग्राम ‘पॉवर सेव्हिंग’वर चालवा. क्रॅश थांबला, तर संशय कार्ड, त्याचा ड्रायव्हर, उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर येतो. मग बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधून) किंवा लॅपटॉपसोबत आलेल्या कंट्रोल ॲपमधून ‘फक्त डेडिकेटेड’ मोड लावा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि तोच प्रोग्राम तेवढाच वेळ चालवा. इथे क्रॅश थांबला, तर कार्ड बहुधा धडधाकट आहे. अडचण कार्डाच्या झोपण्या-उठण्यात किंवा इंटिग्रेटेडच्या ड्रायव्हरमध्ये आहे. झाकण उघडल्यावर, स्लीपमधून उठताना किंवा काहीच काम चालू नसताना निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ दिसतं, तेव्हा बहुतेकदा हेच प्रकरण असतं. बायोस आणि चिपसेट ड्रायव्हर अद्ययावत करावेत. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून पाहावं.

उलट ‘फक्त डेडिकेटेड’ मोडमध्ये क्रॅश वाढले, तर गोष्ट गंभीर आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, त्याची ही खूण. ६० सेकंदांत असे पाचाहून जास्त रीसेट झाले तर थेट निळी स्क्रीन येते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ही २ सेकंदांची मर्यादा वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लांबलचक रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, बाकीच्यांचा आजार त्यानं फक्त झाकला जातो. ४१०१ नसेल आणि कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शून्य बगचेक कोडसह (म्हणजे निळ्या स्क्रीनचा कोड न नोंदवता) असेल, तर मशीन अचानक विझलं किंवा पूर्ण गोठलं होतं. अशा वेळी ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एचडब्ल्यू-इन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघा, पंख्यातली धूळ काढा आणि चार्जर पुरेशा वॅटचा आहे ना ते तपासा. बायोसच्या स्क्रीनवरही रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच नसतो.

ड्रायव्हरवरच संशय ठरला, तर वरवरचं अनइन्स्टॉल पुरत नाही. दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटिग्रेटेडचा शक्यतो लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये (किमान ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम चालवा. रीस्टार्टनंतर आधी इंटिग्रेटेडचा ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट करा आणि मग कार्डाचा टाका. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं होऊ शकतं, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी हवा.

आता उणिवा. मोड बदलायला दर वेळी रीस्टार्ट लागतो. बायोसमधला बदल बिटलॉकरला (विंडोजच्या डिस्क-कुलपाला) खटकू शकतो, म्हणून तो आधी तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. ‘फक्त डेडिकेटेड’ मोडमध्ये कार्ड झोपतच नाही, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. २०२० मध्ये आलेल्या ॲडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये ही अदलाबदल आपोआप होते आणि रीस्टार्टची कटकट नाही, पण अदलाबदलीच्या क्षणी स्क्रीन किंचित थबकते. तो दोष समजू नये. तपास करताना मात्र एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मॅनेज डिस्प्ले मोड’मध्ये स्वयंचलित निवड काढून मोड स्वतः ठरवा, नाहीतर क्रॅशच्या वेळी स्क्रीन कोणाकडे होती हे कळायला मार्ग नाही.

मक्स नसलेल्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड डिसेबल करणं हा पर्याय उरतो. चाचणीपुरता तो चालतो. कायमचा ठेवू नये, कारण ड्रायव्हर नसल्यावर कार्डाला झोपवणारं कोणी उरत नाही आणि ते वीज खात राहू शकतं. उबंटू या लिनक्सवर प्राइम-सिलेक्ट ही आज्ञा इंटेल, एनव्हिडिया आणि ऑन-डिमांड असे पर्याय देते. इंटेल (म्हणजे इंटिग्रेटेड) निवडून रीस्टार्ट केलं की कार्ड बाजूला ठेवून तपासणी करता येते.

कार्डच निकामी निघालं आणि मशीनमध्ये फक्त इंटिग्रेटेडचा मोड असेल, तर लॅपटॉप रोजच्या कामाला वापरता येतो. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट कार्डाला जोडलेला असतो, आणि तसं असेल तर या मोडमध्ये त्यावर बाहेरचा मॉनिटर चालणार नाही. प्रोसेसरच्या बाजूने डिस्प्ले देणारा यूएसबी-सी पोर्ट असेल, तर मॉनिटर तिथे लावावा.