उभ्याने चालवायच्या जेट स्कीत कोणता फोम भरावा?

आत पाणी भरलं तरी स्की बुडू नये म्हणून तिच्यात फोम भरतात. जुन्या जेट स्कीच्या नाकातला पिवळा फोम काढला तेव्हा तो हातात चिंब भिजलेल्या पावासारखा जड लागला. ओतायचा पॉलीयुरेथेन होता तो. नवा असताना उत्तम: दोन द्रव मिसळा, फुगतो, कानाकोपरा भरतो. पण सतत ओलीत राहिला की वर्षानुवर्षं पाणी पितो आणि चिकटलेला असल्याने खरवडूनच काढावा लागतो. एकदम जास्त ओतला तर उष्णता आणि दाब इतका वाढतो की हल (स्कीचं बाहेरचं कवच) फुगू शकतो. थोडा थोडा ओतणंच बरं.

थर्माकोलचा तर विचारही नको. पेट्रोलचा स्पर्श झाला की विरघळतो, आणि इंजिनाच्या खोलीत पेट्रोल येणारच.

मी बंद पेशींचा (आतल्या हवेच्या कप्प्यांत पाणी शिरत नाही असा) पॉलिएथिलीन फोम निवडला आणि त्यावर मनापासून खूश आहे. ठोकळे कापून पट्ट्यांनी बांधले. हवं तेव्हा निघतात, मागची जागा वाळते. कोपऱ्यांत फटी राहतात, तेवढी उणीव मान्य.

तरंगण्याचा हिशेब सोपा: एक लिटर फोम साधारण एक किलो पाणी बाजूला सारतो, त्यातून फोमचं स्वतःचं वजन वजा. पण जागाही महत्त्वाची. नाकात आणि दोन्ही बाजूंना, शक्य तितका वर बसवा. सगळा तळाशी कोंबला तर पाणी भरलेली स्की उलटी व्हायला बघते. इंजिनाच्या हवेचा रस्ता आणि बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) मात्र मोकळे ठेवा.