कोल्हापुरातील महिला फुटबॉल लीग: दोन हंगामांचा अभिप्राय

माझी पुतणी गेले दोन हंगाम शहरातील महिला फुटबॉल लीगमध्ये उजव्या विंगला खेळते, आणि तिला मैदानावर नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे नावनोंदणीच्या टेबलापासून अखेरच्या सामन्यापर्यंत ही स्पर्धा मी जवळून पाहिली आहे. आपल्या मुलीला यात घालावे की नाही, असे पेठेतील अनेक पालक विचारतात. त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी दाद स्पर्धेच्या स्वरूपालाच द्यावी लागेल. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा सात सामन्यांत संपते, पण त्यातील चार संघ एकच सामना खेळून घरी परततात. तेच आठ संघ साखळीत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे अशा पद्धतीने, उतरवले तर २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. नव्याने खेळू लागलेल्या मुलीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण पहिल्या सामन्यात चेंडू पायात आल्यावर गोंधळणारी मुलगी चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत मान वर करून पास देऊ लागते, हे मी पुतणीच्याच बाबतीत पाहिले आहे. साखळीसाठी मैदान, पंच आणि पैसा कितीतरी अधिक दिवस लागतो, आणि तो भार संयोजकांनी उचलला याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

कोल्हापुरात तर मुलींच्या अशा लीगचे मोल अधिकच आहे. येथे मुलाला फुटबॉल शोधत जावे लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ त्याच्या दारातच असतात, आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वडिलांच्या खांद्यावर बसूनच तो हा खेळ शिकतो. मुलीही त्याच गॅलरीत वाढल्या, मात्र त्यांना उतरण्यासाठी संघ नव्हता. राष्ट्रीय पातळीवर इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली, आणि लुधियाना येथे झालेल्या २०१८-१९ च्या स्पर्धेत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला, म्हणजे येथील नाव देशाच्या लीगपर्यंत पोहोचले होते. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा आमच्या घरी मध्यंतरातही कोणी जागेवरून उठले नाही. त्या उंचीवर जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी आपल्या गावातच असावी लागते.

नावनोंदणीचे काम पहिल्या वर्षी त्रासाचे झाले. खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत करावी लागते, आणि जन्मदाखला व आधार यांवरील नावात एका अक्षराचा फरक असल्याने आम्हाला दोन हेलपाटे पडले. टेबलावर बसलेल्या ताईंनी मात्र न कंटाळता प्रत्येक पालकाला कागद समजावून सांगितले.

माझी खरी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. पहिल्या हंगामात दुसऱ्या दिवशीच्या सामन्याचा निरोप आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येत असे. पेठेतल्या मुलीला सकाळी साडेसातला मैदान गाठणे शक्य असते. गडहिंग्लजहून येणाऱ्या मुलीला त्यासाठी पहाटेची एसटी, सोबतीला घरचे माणूस आणि कॉलेजची रजा, असे सगळे जमवावे लागते. एका सामन्याला समोरच्या संघाच्या नऊच मुली पोहोचल्या, आणि त्या नऊ जणींनी उत्तरार्ध संपेपर्यंत ज्या जिद्दीने गोल राखला तो पाहून आमच्या बाजूचे पालकही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. त्यांचा पराभव खेळामुळे नव्हे, तर उशिरा आलेल्या निरोपामुळे झाला, असे मी ठामपणे म्हणतो.

दुसरी गोष्ट वॉर्म-अपची. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि ‘फिफा ११ प्लस’ हा धावणे, ताकद आणि तोल यांच्या १५ व्यायामांचा सुमारे २० मिनिटांचा क्रम नियमित केल्यास दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. आधीचा सराव लांबला म्हणून मैदान उशिरा ताब्यात आले की नेमकी हीच २० मिनिटे कापली जात. शिट्टी दहा मिनिटे उशिरा वाजली तरी चालेल, पण हा वेळ कोणीही कमी करू नये. कपडे बदलण्यासाठी पहिल्या वर्षी एकच खोली होती आणि तिला आतून कडी नव्हती.

दुसऱ्या हंगामात पुष्कळ सुधारणा झाली. वेळापत्रक पंधरा दिवस आधी हाती आले, बारावी आणि दहावीच्या परीक्षांच्या काळात सामने ठेवले नाहीत, बाहेरगावच्या संघांना दुपारची वेळ मिळाली, खोलीला कडी बसली आणि बर्फाची पेटी प्रत्येक सामन्याला हजर होती. पंचांचा दर्जा दोन्ही वर्षे चांगला वाटला. ऑफसाइड का दिला हे ते लहान मुलींना थांबून समजावत. पाण्याची सोय अजून अपुरी आहे, आणि प्रेक्षकांना गुणतक्ता कोठेही पाहायला मिळत नाही.

मुलीला अवश्य घाला, असेच मी सांगेन. अर्ज भरण्यापूर्वी जन्मदाखला आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते का ते पाहा. बूट घेताना मुलीला दुकानात सोबत न्या आणि जाड मोजे घालूनच माप बघा, कारण येथे मिळणारे बहुतेक बूट मुलांच्या मापाचे असतात. पुतणीला टाच घसरते म्हणून पहिली जोडी महिन्यातच बदलावी लागली.